बेदाण्यातली साखर कुठे गेली?

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, असं मी म्हणणार होते. पण डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? तेव्हा डोळे उघडेच ठेवा आणि कल्पना करा. तुमच्यासमोर स्टीलची एक परात आहे. परातीत काळपट, चकचकीत, लांबटगोल असे शेकडो दाणे आहेत. परात हलवली की ते इकडून तिकडे गडगडतात. आता खरं सांगा, तुम्हाला काय आठवलं?

जे आठवलं ते मोठ्यांसमोर बोलू नका. आमच्या सहावीच्या वर्गात हणमंत बोलला होता.

"बाई, शेळीच्या लेंड्या!"

सगळा वर्ग हसत सुटला. परात घेऊन माझ्या टेबलाशी उभी असलेली कस्तुरी कोष्टी मात्र हसली नाही.

"लेंड्या न्हाईत. चॉकलेटी बेदाणं हाईत. माझ्या आईनं आणि तिच्या गटातल्या बायकांनी केल्यात. बाईंनी चाखायला मागवलं, म्हणून आणलं."

"दिसतंय तर तसंच," हणमंत म्हणाला.

"खाऊन बघ. मग बोल."

हणमंतने एक दाणा नाक दाबून तोंडात टाकला. नाक सोडलं. चावला. थोडा वेळ छताकडे बघत राहिला. मग हात पुढे करून म्हणाला, "अजून चार लेंड्या दे की!"

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. मी परुळेकर बाई, जन्माने कोकणातली, पण नोकरी सांगलीकडच्या सावर्डी नावाच्या गावात. तिथे नजर जाईल तिथवर द्राक्षबागा. बागांच्या मधे मधे पत्र्याची उंच शेडं. शेडात जाळ्यांवर जाळ्या बांधलेल्या आणि त्यांच्यावर द्राक्षं पसरलेली. पंधरा दिवसांनी तिथून उतरतो तो बेदाणा. मी विज्ञान शिकवायची. माझ्या वर्गाचा एकच नियम होता: तोंडाने सांगायचं नाही, करून दाखवायचं.

कस्तुरीची आई शालनताई दर हंगामात अशाच एका शेडावर बेदाणा निवडायला जायची. पहाटे पाचला टेम्पो यायचा, त्यात बसून. त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल कस्तुरीची वेणी घालायचं काम वडिलांकडे असायचं. दत्तूभाऊंना वळण होतं ते दाव्याचं. घरी दोन म्हशी होत्या आणि त्यांची दावी ते स्वतः वळायचे. लेकीचे केसही ते तसेच वळायचे, पीळ देऊन, आणि शेवटी म्हैस तोडू शकणार नाही अशी गाठ मारायचे. कस्तुरी वर्गात आली की मागून आवाज यायचा, "दावं आलं, दावं आलं!" कस्तुरी दिवसभर वेणी पुढे घेऊन ती गाठ नखाने सोडवत बसायची. तिची वहीतली अक्षरं फेब्रुवारीत बिघडायची, ती याच कारणाने.

त्या वर्षी शालनताईंनी मोगरा बचत गट काढला. पातेल्यात पातेलं ठेवून चॉकलेट वितळवायचं, त्यात बेदाणे घोळायचे आणि परातीत हलवत हलवत सुकवायचे. आमच्या शाळेत दर शनिवारी मुलांना खाऊ मिळायचा. हे बेदाणे त्या खाऊत लागले तर गट उभा राहणार होता आणि शालनताईंची पहाटेच्या टेम्पोतून सुटका होणार होती. त्याआधी एक अडथळा होता. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई येऊन पाकीट तपासणार आणि त्यावर पोषणाचा तक्ता लागणार.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर शालनताई पदराने कपाळ टिपत वर्गात आल्या.

"बाई, तक्ता म्हंजे काय वो लिवायचं?"

"शंभर ग्रॅममध्ये साखर किती, स्निग्ध पदार्थ किती, लोह किती, तंतू किती. अगदी सोपं आहे."

"तुमास्नी सोपं. आमी आपलं चांगलं हाय एवढंच लिवलं असतं."

"मी करून देते. तुम्ही निश्चिंत राहा."

मुलांनो, 'निश्चिंत राहा' असं म्हणणाऱ्या माणसावर जरा लक्ष ठेवावं.

माझ्याकडे पोषणाची एक जुनी पुस्तिका होती. तिच्यातलं सुक्या मेव्याचं पान नव्हतं. कधीतरी त्या पानाची पुडी करून मीच त्यात खडू बांधले होते. पण ताज्या फळांचं पान शाबूत होतं. त्यात लिहिलं होतं, शंभर ग्रॅम द्राक्षांत साखर सोळा ग्रॅम. मी विचार केला, बेदाणा म्हणजे काय, सुरकुत्या पडलेलं द्राक्षच. माझ्याही चेहऱ्यावर सुरकुत्या आल्या, म्हणून मी परुळेकर बाई राहिले नाही का? मी सोळा हा आकडा उचलला. पाकिटात साठ ग्रॅम बेदाणा आणि चाळीस ग्रॅम चॉकलेट. बेदाण्याची साखर दहा ग्रॅम झाली. चॉकलेटात निम्मी साखरच असते, ती वीस. एकूण तीस. खाली दोन रेघा मारल्या आणि स्वतःवर खूश होऊन चहा केला.

तालुक्याहून पाचशे लेबलं छापून आली. 'शंभर ग्रॅममध्ये साखर फक्त ३० ग्रॅम'. त्यातला 'फक्त' माझा.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो आमच्या मुख्याध्यापकांना. बाबर सरांना मधुमेह होता. त्यांच्या घरी साखरेचा डबा कुलपात असायचा आणि किल्ली त्यांच्या मंडळींच्या कमरेला. मंगळवारी नमुन्याची पाकिटं त्यांच्या कपाटात आली. बुधवारी मी सहीसाठी गेले तर सरांचा गाल फुगलेला.

"सर, तुम्हाला चालतं हे?"

"लेबल कुणी केलं, तुम्हीच ना?" सर गाल बदलून म्हणाले. "शंभरात तीस! पोराला शंभरात तीस पडले तर आपण काय म्हणतो? नापास. ही नापास झालेली साखर आहे, बाई. हिला कोण घाबरतंय?"

आणि त्यांनी पाकिटात पुन्हा हात घातला.

डॉक्टरीणबाई शनिवारी तपासायला येणार होत्या. शुक्रवारी घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, पण कस्तुरी बसूनच होती. वेणी पुढे, नखं गाठीत.

"काय गं? घरी नाही जायचं?"

"बाई, एक विचारू?"

"विचार की."

"द्राक्ष वाळतं तवा त्यातनं काय जातं?"

"पाणी जातं."

"आणि साखर?"

"साखर कशी जाईल? आपण मागच्या महिन्यात बशीत मिठाचं पाणी उन्हात ठेवलं होतं ना? पाणी उडालं, मीठ बशीतच राहिलं."

"मी बी तेच म्हनतीय. साखर उडत असती तर शेडाचा पत्रा चिकट झाला असता. वर मुंग्या लागल्या असत्या. मी चढून बघितलं. पत्र्यावर नुसती धूळ हाय."

"तू शेडाच्या पत्र्यावर चढलीस?"

"ते सोडा वो बाई. ते महत्त्वाचं न्हाई." ती उठून फळ्याशी गेली. "आमच्यात बारक्या पोराला बी ठावं हाय, चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतोय. मग चार किलोतली समदी साखर त्या एका किलोत बसली का न्हाई? दाटीवाटीनं?"

"बसली," मी म्हणाले. एवढ्या हळू की मलाच ऐकू आलं नाही.

"मंग ह्यो तीसचा आकडा कुठनं आला?"

मी तिच्या हातातला खडू घेतला. सोळा चोक चौसष्ट. म्हणजे शंभर ग्रॅम बेदाण्यात चौसष्ट ग्रॅम साखर. साठ ग्रॅममध्ये अडतीस. चॉकलेटची वीस. अठ्ठावन्न, म्हणजे जवळजवळ साठ. लेबलावर तीस, पाकिटात साठ. गाव बेदाण्याचं, मुलं बेदाण्याची, आणि एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. ठाऊक नव्हती तर विचारायची होती, तेही मी केलं नव्हतं.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच न्हाई. आधी तुमास्नी."

"आईला?"

"आईला सांगितलं तर ती उद्या पाकिटंच आणायची न्हाई. आणि न्हाई आणली तर..." तिने वेणीचं टोक माझ्यासमोर धरलं. आज गाठीवर गाठ होती. "तर परत टेम्पो, आणि परत हे दावं."

त्यानंतर मी जे म्हणाले ते सांगायची मला आजही लाज वाटते. तरी सांगते.

मी म्हणाले, "उद्याचं उद्या पार पडू दे. सोमवारी बघू."

फळ्यावरचं गणित कस्तुरीने स्वतःच पुसलं, दप्तर उचललं आणि गेली. फळा पुसून ठेवायची सवय मीच लावली होती तिला.

शनिवारी सकाळची शाळा. पटांगणात दोनशे बारा मुलं मांडी घालून बसली. टेबलावर चादर, चादरीवर पाकिटांची रास. मागे शालनताई, नवी साडी, हाताची बोटं एकमेकांत अडकवलेली. त्या दिवशीही पहाटे कामावर जाऊन, दोन तासांची सवड काढून आल्या होत्या. म्हणून कस्तुरीची वेणी आजही दत्तूभाऊंच्याच हातची होती.

डॉक्टर निलोफर शिकलगार आल्या. बुटक्या, चष्मेवाल्या, खांद्याला चामड्याची बॅग. त्यांनी पाकीट उचललं, लेबल वाचलं, पुन्हा वाचलं.

"तक्ता कुणी केला?"

"खुद्द आमच्या परुळेकर बाईंनी!" बाबर सर म्हणाले. त्यांच्या तोंडात दोन-तीन दाणे असावेत, कारण 'परुळेकर'मधला 'र' कुठेतरी अडकला. मी माझ्या चपलेकडे बघत होते.

"छान. पण हे मुलांना कळलंय का? कुणीतरी मला सांगा बघू, या पाकिटात काय आहे?"

"कस्तुरी कोष्टी!" सरांनी हाक मारली. "आईचा खाऊ आहे, लेकीनेच सांगावं. ये पुढं."

कस्तुरी उठली. मागून कुणीतरी हळूच "दावं" म्हणालं. ती टेबलापाशी आली आणि शिपाईमामांना म्हणाली, "मामा, चहाचा साखरेचा डबा आणि एक चमचा द्या. आणि बशी."

"भाषण कर गं, चहा नको करूस," सर म्हणाले.

"बाईंच्या वर्गात करून दाखवायचं असतंय, सर."

डबा आला. कस्तुरीने चमचा काठोकाठ भरला, वरून बोट फिरवून सपाट केला आणि बशीत ओतला. "एक चमचा म्हंजे पाच ग्रॅम. आईच्या काट्यावर तोललाय." एक, दोन, तीन, असे सहा चमचे झाले. "हे लेबलावरलं."

मग ती थांबली. मान न वळवता तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि पुन्हा चमचा डब्यात घातला. सात. आठ. नऊ. मुलं मोठ्याने मोजू लागली. दहा! अकरा! बारा! बशीत साखरेचा डोंगर झाला आणि थोडी चादरीवर सांडली.

"आणि हे खरं," कस्तुरी म्हणाली.

बाबर सरांचा हात खिशाकडून तोंडाकडे निघाला होता, तो हनुवटीपाशी थबकला.

"चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतोय. पाणी जातंय, साखर ऱ्हातीय," कस्तुरी घडाघडा म्हणाली. "बाईंनी लेबलात मुद्दाम चूक ठिवली हुती. कोण हुडकतंय ते बघायला. मी हुडकली."

दोनशे बारा मुलांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाई माझ्याकडे कौतुकाने बघू लागल्या. मला फक्त हसून मान हलवायची होती. मान हलवली असती तर सगळं छान पार पडलं असतं, सोमवारचीही वाट बघावी लागली नसती. मी उठले. उठताना टेबल धरलं, तर बशीतली साखर आणखी सांडली.

"मुद्दाम नव्हती," मी म्हणाले. "चूकच होती. माझी. आणि हिने ती मला काल सांगितली होती. मीच म्हणाले, सोमवारी बघू."

टाळ्या बंद पडल्या.

पहिला आवाज बाबर सरांचा. "म्हणजे ती साखर... पास आहे?"

"पहिल्या वर्गात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सर, तुम्ही किती खाल्लेत?"

"चाखले थोडे. लेबलावर विसंबून."

"चार पाकिटं!" हणमंत ओरडला. "रिकामी पाकिटं मी टाकली केराच्या डब्यात. सरांनीच सांगितलेलं, खाली दाबून टाक म्हणून."

"बारा चोक अठ्ठेचाळीस," कस्तुरी म्हणाली. "अठ्ठेचाळीस चमचे, सर."

सर मटकन खुर्चीत बसले. डॉक्टरीणबाईंनी बॅग उघडली, सगळ्या शाळेसमोर सरांच्या बोटाला सुई टोचली आणि यंत्रातला आकडा बघितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही. सरांनी तशी विनंती केली आहे. दुपारी ते दवाखान्यात गेले आणि पुढचे कितीतरी महिने त्यांच्या डब्यात कारलंच दिसायचं, एवढंच सांगते.

शालनताई पुढे आल्या. त्यांनी लेकीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"मग डॉक्टरीणबाई, आमी नापास का?"

"तक्ता नापास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बेदाण्यात साखर जशी दाटून बसते, तसं लोह आणि तंतूसुद्धा दाटून बसतात. तेही बाईंनी कमीच लिहिलेत. तुमच्या बेदाण्याचा वाईटपणा लपवला आणि चांगुलपणाही." मी पुन्हा चपलेकडे बघितलं. "पण शालनताई, लोह आहे म्हणून पाकीटभर खायचं नसतं. वर चॉकलेट आहे, त्यात साखर आहे, तेल-तूप आहे. हा खाऊ आहे, जेवण नव्हे. एका मुलाला किती द्यायचा, तेवढं मला सांगा. मग मी सही करते."

उत्तर कस्तुरीने दिलं.

"धा दाणं. धा दाण्यांत सव्वा चमचा साखर. आणि संगट मूठभर भाजलेलं शेंगदाणं. म्हंजे पोट शेंगदाण्यानं भरंल आणि तोंड गोड हुईल."

"हेही तोललंस?"

"काल सांजच्याला. आई न्हवती तवा."

"बरोबर आहे. आठवड्यातून एकदा, दहा दाणे. लेबलं दुरुस्त करायची, आणि त्यावर 'फक्त' हा शब्द नको."

"एवढ्याशावर आमचा गट चालंल का वो?" शालनताईंचा आवाज बारीक झाला. "दोनशे पोरं, धा-धा दाणं."

"माझ्याकडे अशा अकरा शाळा आहेत," डॉक्टरीणबाई सही करता करता म्हणाल्या. "आणि खरं लेबल लावलेलं पाकीट मला अजून एकाही शाळेत दिसलेलं नाही."

शालनताई वळल्या, लेकीपाशी गेल्या. मला वाटलं, आता जवळ घेतील किंवा एक धपाटा तरी घालतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी कस्तुरीची वेणी हातात घेतली, शेवटची गाठ बघितली आणि म्हणाल्या, "आगं बया! ह्यांनी तर पार म्हसरू बांधलंय!" आणि तिथेच, पटांगणात, सगळ्या शाळेसमोर, दातांनी ती गाठ सोडवायला लागल्या.

मी कोपऱ्यात लाल शाई घेऊन बसले. पाचशे लेबलं. तीस खोडायचे, साठ लिहायचे, 'फक्त' खोडायचा. तिसाव्या लेबलापर्यंत माझं बोट लाल झालं होतं.

मुलांची रांग लागली. कस्तुरी टेबलामागे उभी राहून प्रत्येकाच्या हातावर मोजून दाणे टाकत होती. एक, दोन, तीन, दहापर्यंत. मागे आई उभी राहून तिच्या केसांत बोटं घालत होती, पेड पाडत होती, वळत होती. त्यामुळे कस्तुरीला मान हलवता येत नव्हती, नुसता हात हलत होता. हणमंतने अकरावा दाणा मागितला. तिने मान न वळवता त्याच्या हातावर शेंगदाणा ठेवला.

रांग संपली. सगळ्यांत शेवटी एक मोठा हात पुढे आला. मनगटाला घड्याळ, बोटाला डॉक्टरीणबाईंनी बांधलेला कापूस.

"एकच," बाबर सर कुजबुजले. "निरोपाचा."

कस्तुरीने हाताकडे बघितलं. कापसाकडे बघितलं. तिच्या मागे शालनताईंनी वेणीला रिबिनीचं फूल घातलं आणि म्हणाल्या, "झालं गं, जा."

पण कस्तुरी गेली नाही. तिने एक दाणा उचलून सरांच्या तळहातावर ठेवला. थोडा विचार केला. मग तोच दाणा परत उचलला, दातांनी बरोबर मधोमध तोडला आणि अर्धा सरांना दिला.